मागच्या खोलीची लाइन

सोमवार, ३ फेब्रुवारी

बारक्या,

वर 'चिरंजीव' लिहावं, 'प्रिय' लिहावं की नुसतीच तारीख टाकावी, यात दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर तुझं नाव तेवढं लिहिलं. कामाचं पत्र आहे, कामापुरतं वाच.

ताईच्या घराचं वायरिंग बदलायला घेतलंय. सत्तावीस वर्षांपूर्वी आपण दोघांनी केलेलं, तेच. तिला स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. चार महिने ती हे सांधेदुखीत मोजत होती. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या. वरच्या मजल्यावर आता एक व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई भाड्याने राहतात. एक दिवस त्यांनी खाली येऊन तोच नळ उघडला आणि त्यांचाही हात झटकला गेला. तेव्हा ताईला कळलं की दुखणं नळात आहे, आपल्यात नाही.

अडचण अशी आहे. मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात टाकले आणि मागच्या खोलीचा बोर्ड उघडला. टेस्टरचा दिवा लागला. पुढे जाऊन मेन पुन्हा पाहिला, बंदच होता. परत येऊन टेस्टर लावला, परत लागला. खिशात फ्यूज आणि समोर जिवंत वायर. तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा मी माझ्या टेस्टरवर संशय घेतला आणि नवीन आणला. तोही लागला.

बाबांच्या आजारपणात त्या खोलीचं सगळं तू बघायचास. तिची लाइन कुठून घेतलीस ते आठवत असेल तर कळव. भिंती फोडत शोधत बसलो तर फार दिवस जातील, आणि ताई त्याच खोलीत झोपते.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा नंबर ताईकडे आहे, ती देत नाही. म्हणाली, "फोनवर तू तीन वाक्यांत उरकशील. लिही." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई. या विषयात तिच्याशी कोण वाद घालणार? पत्ता तेवढा दिला. तू तिथे मोटारींचं वाइंडिंग करतोस, हेही तिनेच सांगितलं. वाइंडिंगला तुझा हात पहिल्यापासून चांगला.

झालं ते झालं. मी त्यात शिरत नाही. फक्त लाइनचं कळव.

दादा


बुधवार, १२ फेब्रुवारी

बारक्या,

नऊ दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी ताईला म्हणालो. ती म्हणाली, "पोचलंय." कसं कळलं, ते सांगत नाही.

मागची खोली बंद करून कडी घातलीय आणि ताईचा पलंग पुढे बैठकीत आणलाय. तिचं निम्मं सामानही आलंय मागोमाग. आता सोफ्यावर तिची स्वेटरची लोकर, टीपॉयवर औषधं आणि दाराशी तिचं पत्र्याचं कपाट. मी आत शिरतो तो अंग चोरून. नळाचा पाइप सध्या प्लास्टिकचा टाकून दिलाय, त्यामुळे मुंग्या थांबल्या. पण मुंग्या थांबल्या म्हणजे आजार गेला असं नाही, हे तुला सांगायला नको.

बाकीच्या घराचं काम चालू केलंय. जुन्या लाकडी पट्ट्या उचकटल्या. आत वायर कशी झालीय म्हणून सांगू? हातात घेतली की वरचं रबर वाळलेल्या शेंगेच्या सालासारखं गळून पडतं. स्वयंपाकघरातली पट्टी काढली तर मागे तुझं पेन्सिलने काढलेलं चित्र निघालं. मी शिडीवर, आणि शिडीखाली डुलकी घेणारा तू. कधी काढलंस ते मला माहीत नव्हतं. तेवढ्या भागाला रंग लावू नकोस म्हणून ताईने रंगाऱ्याला आत्तापासून बजावलंय.

वायर ओढायला दुसरा माणूस नाही, तेव्हा ताईच. पाइपच्या एका तोंडाशी ती, दुसऱ्याशी मी. मी ओरडतो, ढकल. ती ओरडते, ढकलतेय. मग कळतं की ती वायर पाइपात न ढकलता तशीच वेटोळी करून बसलीय, कारण मध्येच तिला कोणाची तरी आठवण झाली आणि ती मला ते सांगायला उठली. साठीच्या बाईला काय बोलणार? आठवण बहुतेक वेळा तुझीच असते.

माझी मुलगी यंदा कॉलेजात गेली. परवा ताईकडे आली होती. भिंतीवरचं चित्र बघून म्हणाली, "हा झोपलेला कोण?" मी म्हणालो, काका. ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलत नाही त्यांच्याबद्दल." ती एकोणीस वर्षांची झाली, म्हणजे आपल्याला बोलून किती वर्षं झाली, ते वेगळं मोजायला नको.

तेव्हा तपासनिसाने मला विचारलं, आणि मला जे आठवत होतं ते मी सांगितलं. त्यावर तू एवढा राग धरशील असं वाटलं नव्हतं. असो. या पत्रात हे लिहायचं नव्हतं, पण शाईने लिहिलंय, आता खोडत नाही.

लाइनचं कळव.

दादा


बुधवार, १९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड आज आलं. अक्षर एक नाही, नुसती आकृती. ताईने ते उलटंपालटं करून तीनदा पाहिलं आणि म्हणाली, "तब्येत बरी दिसतेय. रेघ सरळ आहे."

आकृती बरोबर निघाली. जिन्याखालच्या कपाटाची मागची फळी काढली, तिच्यामागे पाइप. तो सरळ वर जाऊन वरच्या मजल्याच्या मीटरला मिळतो. मागची खोली खालच्या मेनवर नाहीच. मी खालचे फ्यूज खिशात घालून हिंडत होतो आणि खोली वरून जगत होती.

वरच्या बाईंना दाखवलं. त्या हसल्या. त्यांच्या आधी किती भाडेकरू होऊन गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही. आता ती लाइन मी तोडलीय आणि खोली खालच्या मेनवर घेतोय.

पण तू असं का केलंस, ते मला लगेच कळेना. नियमांच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा कडक. एका मीटरची लाइन दुसऱ्याला जोडणारा तू नव्हेस. ताईला विचारलं. ती म्हणाली, "तुला खरंच आठवत नाही?" मग तिने सांगितलं. बाबा शेवटचे दोन महिने त्या खोलीत होते. खाली पाण्याचा पंप सुरू झाला की फ्यूज उडायचा आणि बाबांचा पंखा थांबायचा. पंखा थांबला की त्यांना श्वास कोंडल्यासारखं व्हायचं, आणि ते हाक मारायचे. हाक माझ्या नावाने असायची. मी कामावर असायचो. तू धावायचास. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तू शिडी घेऊन जिन्याखाली शिरलास आणि दुपारभर बाहेर आला नाहीस. त्या दिवसानंतर बाबांचा पंखा एकदाही थांबला नाही.

मला वाटायचं, मी पंपाचा फ्यूज जाड टाकला म्हणून थांबत नाही. बाबांना मी तसं सांगितलंही होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

तू तिथेच उभा होतास. बोलला नाहीस.

आता फक्त त्या खोलीच्या भिंतीतला पाइप रिकामा करायचा राहिलाय. त्याच पाइपाला नळाचा पाइप आत कुठेतरी टेकतो, असा माझा अंदाज आहे. रविवारी भिंत फोडतो.

कार्डाबद्दल आभार मानत नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती.

दादा


रविवार, २३ फेब्रुवारी

बारक्या,

भिंत फोडली. हे पत्र मी जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. हात धुतलेले नाहीत. धुवायला उठलो तर पुन्हा लिहायला बसणार नाही, म्हणून.

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत, पाइप जिथे वळतो तिथे, आत एक जॉइंट निघाला. बॉक्स नाही. उघडायला जागा नाही. दोन तारा एकमेकींत पिळून वर टेप गुंडाळला आणि पाइपाच्या वळणात कोंबून गिलावा मारला, असा. टेप जळून कोळसा झालेला. उघडी तार लोखंडी पाइपाला टेकलेली, तो पाइप नळाच्या पाइपाला टेकलेला. बाजूच्या लाकडी चौकटीला काळा डाग पडलाय, तळहाताएवढा. पलीकडे ताईच्या पलंगाची उशाकडची बाजू होती.

त्या भिंतीचं काम माझं होतं. तू पुढे वरच्या मीटरला टोक जोडलंस, पण भिंतीतलं माझं. आणि आठवणीवर जायची गरजच नाही, कारण तारा डावीकडे पिळलेल्या आहेत. आपल्या दोघांत डावखुरा एकच.

आता ते लिहितो, जे मी एकोणीस वर्षं लिहिलं नाही.

शिलाईवाल्या काकूंच्या दुकानाला आग लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तपासनिसाने आपल्या दोघांना तिथे बोलावलं. राख अजून ओली होती. त्याने तळहातावर एक जळका जॉइंट धरला आणि विचारलं, "मागची भिंत कोणी केली?" मी म्हणालो, धाकट्याने. तू माझ्या शेजारी होतास. तू त्या जॉइंटकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालास, "हो."

मी दुसऱ्या पत्रात लिहिलं की मला आठवलं ते सांगितलं. ते खोटं आहे. त्याच्या तळहातावरच्या तारा डावीकडे पिळलेल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. तपासनिसाला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. ते कळणारी माणसं तिथे दोनच होती.

त्या आठवड्यात माझ्या मुलीची नाळही पडली नव्हती. तुझी वहिनी अंथरुणावर होती. परवाना गेला तर काय, एवढंच डोक्यात घुमत होतं. कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात काय होतं ते सांगतो. दुकान दुसऱ्या दिवशी सुरू करायचं होतं, काकूंनी घाई केली नव्हती, मीच उशीर केला होता आणि मीच ते वळणात कोंबलं. तू म्हणाला होतास, बॉक्स टाकू या दादा. मी म्हणालो, कोण बघतंय.

तुझा परवाना गेला. पंधरा दिवसांत तू गाव सोडलंस. पहिली दोन वर्षं मला दर आठवड्याला वाटायचं, जाऊन सांगावं. मग महिन्याला. मग मला हळूहळू तसंच आठवायला लागलं, की मागची भिंत तू केली होतीस. शपथेवर सांगतो, काही वर्षं मी ते खरं मानलं. आज हातात हा कोळसा आला तेव्हा ते गेलं.

ताई मघापासून दारात उभी आहे. मी का उठत नाही, म्हणून. आता तिला सांगायला जातो.

दादा


सोमवार, ३ मार्च

बारक्या,

ताईला सांगितलं त्याला आठ दिवस झाले. तिने ऐकून घेतलं, जॉइंट हातात घेऊन पाहिला, कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काम मात्र थांबवू दिलं नाही. चहा समोर आणून ठेवायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी वायर ढकलताना म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही दोघं कशावरून तरी भांडलात. भांडण असतं तर बरं झालं असतं."

मग तिनेच मला काकूंकडे पाठवलं. सोबत येऊ का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो. त्या आता मुलीकडे राहतात, बाजारामागच्या गल्लीत. आगीत भाजलेल्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. पुढच्या खोलीत मशीन आहे, बायका कपडे आणून देतात, म्हणजे काम सोडलेलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर फिरवून सांगितलं असतं.

त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ आगीनंतर आठ महिने यायचा. दर दुसऱ्या रविवारी, पहिल्या बसने. मला कात्री धरता येत नव्हती, तो कापड कापून द्यायचा. संध्याकाळच्या बसने परत."

मला हे माहीत नव्हतं, बारक्या. दर दुसऱ्या रविवारी तू या गावात असायचास, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे जेवून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेला असायचो.

काकू म्हणाल्या, "खडूची रेघ दोनदा मोजल्याशिवाय तो कात्री लावायचा नाही. असा माणूस माझ्या भिंतीत घाईने काही कोंबेल, हे मला कधी पटलं नाही. पण तो स्वतः हो म्हणालेला, तर मी कोण विचारणारी?"

मी म्हणालो, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "ते दिसतंय. बसा. या सुया ओवून द्या. मला दोरा धरता येत नाही आणि मुलगी कामावर गेलीय." मी बसलो. चौदा सुया ओवल्या. त्या बघत होत्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "सुया संपल्या की निरोप पाठवीन."

आज सकाळी वीज तपासणीच्या कार्यालयात जाऊन सगळं लेखी दिलं. खिडकीवरचा कारकून वाचून म्हणाला, "एकोणीस वर्षांपूर्वीचं? याचं आता काय करायचं?" मी म्हणालो, लावून घ्या. "फाइल सापडणार नाही." मग नवीन काढा, म्हणालो. त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी मला आत बोलावून तेच पुन्हा विचारलं. शेवटी शिक्का मारून घेतला. माझ्या परवान्याचं काय ते महिन्याभरात कळवतील. तुझ्यावरचा ठपका काढायला तुझा अर्ज लागेल, असं साहेब म्हणाले. शिक्क्याची प्रत सोबत जोडलीय. अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव. मी त्यात बोलणार नाही.

घरी येऊन वहिनीला आणि मुलीला बसवून सांगितलं. वहिनी रडली. मुलीने तुझा पत्ता विचारला आणि वहीत लिहून घेतला.

ताईच्या घराची खालची बाजू पूर्ण होत आलीय. सगळे जॉइंट बॉक्समध्ये आहेत आणि प्रत्येक बॉक्सचं झाकण उघडतं.

दादा


रविवार, १६ मार्च

बारक्या,

तू काल येऊन गेलास, आणि आज मी पत्र लिहितोय. ताई म्हणाली, "दिवसभर समोर होता, तेव्हा बोलायचं होतंस." पण तूच बघ, तू मला बोलू कुठे दिलंस?

दार वाजलं तेव्हा मला वाटलं रंगारी. तू केस पांढरे करून दारात उभा. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. ताईने तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि "वाळलास" म्हणाली. तू म्हणालास, "बस उशिरा आली." मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "शिडी कुठाय?"

चार तास तू एकेक बॉक्स उघडून बघितलास आणि मी शिडी धरून उभा राहिलो. "टॉर्च." "बारीक पेचकस." एवढंच बोलणं. मागच्या खोलीत अर्थिंगची तार तू ओढून पाहिलीस, पुन्हा ओढलीस आणि पुढच्या बॉक्सकडे गेलास. शेवटचं झाकण लावून खाली उतरलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "काम नीट आहे." मी तोंड फिरवून शिडी मिटायला लागलो. ती का मिटत नव्हती ते तुझ्या लक्षात आलं असणार, कारण तू उलट्या बाजूने येऊन खीळ काढून दिलीस.

जेवताना ताई एकटीच बोलत होती. तिला तसंच हवं होतं.

आणि मग बसथांब्यावर तू बोललास. बस येताना दिसत होती, तेव्हा. तुझे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला काही वेगळं आठवायला लागलं तर हे पत्र तुझ्याकडे असेल.

तू म्हणालास, "दादा, परवान्याचा राग मला कधीच नव्हता. त्या दिवशी आपण दुकानाकडे चालत गेलो. अर्धा तास. वाटेत मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं. मग आपण दोघं मिळून खोटं बोललो असतो. तू मला एकट्याला बोलायला लावलंस."

बस आली आणि तू चढलास. त्याचं उत्तर आज देतो.

त्या अर्ध्या तासात मला तीनदा विचारावंसं वाटलं. पुलावर तर मी थांबलोही होतो, बुटाची नाडी बांधायला म्हणून. विचारलं नाही, कारण तू हो म्हणशील हे मला माहीत होतं. तू नाही म्हणशील अशी भीती असती, तर विचारलं असतं. हो म्हटलं असतंस तर जन्मभर तुझ्या ऋणात राहावं लागलं असतं, आणि थोरल्याला ते जड जातं. म्हणून तुझं हो मी न विचारताच घेतलं, आणि वर तुझा दोष ठरवून मोकळा झालो. याहून खरं माझ्याकडे काही नाही.

वरच्या बाईंनी विचारलंय की त्यांच्या मजल्याचं वायरिंग कधी घेणार. परवान्याचा निर्णय होईपर्यंत मी घेईन तेवढं घेईन, पण वर चार खोल्या आहेत आणि ताई जिना चढून वायर ढकलायला येणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलंय.

तेव्हा आता विचारतो. काम सुरू व्हायच्या आधी विचारतो, आणि नाही म्हणालास तरी चालेल. पुढच्या शनिवारी येशील का?

तुझा,
दादा